पोथी उघडण्यापूर्वी

आषाढी एकादशी होऊन पंधरवडा उलटून गेलेला असतो. पंढरीला गेलेली माणसे घरी परतलेली असतात, प्रसादाचे चुरमुरे आणि बुक्का गल्लीत वाटून झालेला असतो. पाऊस वेळेवर झाला असेल तर पूर्णा, दुधना आणि गोदावरीच्या काठची काळी जमीन कापसाच्या आणि सोयाबीनच्या कोवळ्या तासांनी हिरवी दिसू लागते. झाला नसेल तर घराघरांत दुबार पेरणीचा हिशेब मनातल्या मनात चाललेला असतो. आशा आणि काळजी यांच्या या संधीवर आषाढ वद्य त्रयोदशी येते. तिच्यामागून दोन दिवसांनी दिव्यांची अमावास्या, आणि लगेच श्रावण. आपल्या परभणी जिल्ह्यात श्रावण म्हणजे मारुतीच्या पारावर, विठ्ठलाच्या देवळात, कुणाच्या ओसरीवर लाल फडक्यातून पोथी बाहेर निघण्याचा महिना.

शके १२७२ मध्ये, म्हणजे इसवी सन १३५० साली, याच त्रयोदशीला संत नामदेवांनी पंढरपुरात विठ्ठलाच्या महाद्वारी देह ठेवला आणि त्यांच्यासोबतच जनाबाईही गेल्या, असे वारकरी परंपरा मानते. दोघेही आपल्याच मातीचे. जनाबाईचे गाव गोदातीरावरचे गंगाखेड. नामदेवांचे जन्मगाव म्हणून पुजली जाणारी नरसी १ मे १९९९ पर्यंत आपल्याच जिल्ह्यात होती, हिंगोली जिल्हा वेगळा झाला तेव्हा ती तिकडे गेली. कागदावर रेघ ओढली गेली, वाट मात्र तुटली नाही. शेगावहून निघणारी गजानन महाराजांची पालखी दरवर्षी नरसीवरून औंढ्याला येते, परभणीत विसावते, दैठण्यावरून गंगाखेडला जाते आणि मग परळीची वाट धरते. नामदेवांच्या गावातून निघून जनाबाईच्या गावाला पोचणारी ही पायवाट आपल्या दारावरून जाते, हे आपले भाग्य आहे. या दोघांची तिथी नेमकी पोथ्या उघडण्याच्या तोंडावर यावी, हा पंचांगाचा योगायोग असेल. आपण मात्र त्याला आमंत्रण समजावे, आणि पोथीचे फडके सोडण्याआधी घटकाभर थांबून स्वतःला विचारावे, की आपण ती वाचतो म्हणजे नेमके काय करतो?

पोथी लावण्याची आपली रीत मोठी गोड आहे. एकजण ओवी वाचतो, दुसरा तिचा अर्थ सांगतो, आणि समोर बसलेले गाव मान डोलावते. कुठे श्रीधरस्वामींचा छत्तीस अध्यायांचा ‘हरिविजय’ लागतो, कुठे ‘पांडवप्रताप’, कुठे ताहराबादच्या महिपतींनी १७६२ साली पुरा केलेला ‘भक्तविजय’. हरिनाम सप्ताह असेल तर ज्ञानेश्वरीच्या नऊ हजार ओव्या सात दिवसांत वाचून पुऱ्या होतात. ज्यांना अक्षर येत नव्हते अशा पिढ्यान्‌पिढ्यांनी या बैठकींतून रामायण-महाभारत ऐकले, आणि वेळ आली की त्यातला दाखला देऊन घरातले तंटे मिटवले. ही कमाई लहान नाही. तरीही अलीकडे या वाचनाला दोन सवयी जडल्या आहेत. एक म्हणजे पोथीला केवळ घडून गेलेली गोष्ट समजणे. कंस मथुरेत होता, मथुरेतच मेला, आपला त्याच्याशी संबंध उरला नाही. दुसरी म्हणजे पारायणाला केवळ संख्या समजणे. किती झाली, किती राहिली, समाप्तीच्या पंगतीला किती पाने उठली. पहिल्या सवयीत पोथी आपल्यापासून दूर जाते आणि दुसरीत ती आपल्या हातात असूनही बंद राहते.

पोथ्या रचणाऱ्यांना हे अपेक्षित नव्हते. १२९० साली नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली गेली तेव्हा ज्ञानेश्वरांनी आरंभी गणेशाचे जे रूप उभे केले, ते आठवावे. त्या गणेशाची मूर्ती शब्दांची आहे: वेद हे त्याचे शरीर, स्मृती हे अवयव, पुराणे अंगावरचे अलंकार, सहा दर्शने सहा भुजा. पहिल्याच पानावर असे दैवत उभे करणारा ग्रंथ आपल्याला स्वच्छ सुचवतो, की पुढे जे येईल तेही याच डोळ्यांनी पाहा. समोर दिसेल ते चित्र आहे. चित्राआड जे आहे तिथपर्यंत चालत जाण्याचे काम वाचणाऱ्याचे.

एकनाथ महाराजांनी तर या वाचनाचा धडाच घालून दिला. भागवताच्या अकराव्या स्कंधावरची त्यांची टीका पैठणला सुरू झाली आणि १५७३ साली काशीत पूर्ण झाली. गोदेच्या ज्या पाण्याकाठी तिचा आरंभ झाला, तेच पाणी पुढे आपल्या जिल्ह्यातून वाहते. त्या स्कंधात यदुराजाला एक अवधूत भेटतो आणि आपण केलेल्या चोवीस गुरूंची नावे सांगतो. त्यांत पृथ्वी आहे, वारा आहे, समुद्र आहे, अजगर, पतंग, मधमाशी, मासा, कोळी आहे. या चोवीसांतल्या कुणीही अवधूताला कानात मंत्र दिला नाही. त्याने पाहिले, आणि पाहिलेल्या प्रत्येक गोष्टीतून स्वतःसाठी काही उचलले. सगळी सृष्टी पोथी म्हणून वाचता येते हे ज्याला उमगले, त्याला हातातली पोथी तरी नुसती गोष्ट कशी वाटेल?

या चोवीसांत एक घरात राहणारी मुलगी आहे. तिला मागणी घालायला पाहुणे आलेले, घरात दुसरे कुणी नाही, म्हणून ती आत भात कांडायला बसते. हातातली कांकणे वाजू लागतात. कांडण आपल्यालाच करावे लागते, हे पाहुण्यांना कळू नये म्हणून ती एकेक कांकण उतरवते. दोन उरतात तेव्हाही आवाज होतो, मग एकच ठेवते, आणि घर शांत होते. अवधूत यातून एकांत शिकला. आता हेच कांडण, हेच दळण गंगाखेडच्या जनीच्या घरात पाहा. दामाशेटींच्या, म्हणजे नामदेवांच्या घरी ती कामाला राहिलेली. पहाटेच्या अंधारात एकटीच जात्यावर बसते, आणि परंपरा सांगते की समोर खुंट्याला दुसरा हात लागतो, तो विठ्ठलाचा. त्या मुलीने एकेक सोबत दूर सारली आणि तिला शांतता मिळाली. जनीकडे दूर सारायला कुणी नव्हतेच, तिला सोबत मिळाली. एकाच मुसळ-जात्याच्या घरातून दोन वाटा निघाल्या. दोन्ही वाटा आपल्या पोथ्यांनी जपून ठेवल्या, कारण माणसाच्या आत दोन्ही भुका असतात. गजबजाटाने थकलेल्याला पहिली कथा हवी आणि एकटेपणाने वाळलेल्याला दुसरी. आपल्याला या श्रावणात कोणती हवी, हे ज्याचे त्याने आत डोकावून ठरवायचे आहे.

नामदेवांच्या चरित्रातली औंढ्याची कथा तर आपल्या अगदी अंगणातली. देवाशी रोज बोलणारा, देवाला नैवेद्य जेवू घालणारा हा भक्त. पण संतांच्या मेळ्यात गोरोबाकाकांनी थापटण्याने एकेकाचे डोके चाचपले तेव्हा हे मडके कच्चे निघाले. रुसलेले नामदेव गुरूच्या शोधात औंढा नागनाथाला येतात, तर देवळात विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून पडलेले. नामदेव संतापतात. विसोबा म्हणतात, जिथे पिंडी नसेल तिथे माझे पाय उचलून ठेव. नामदेव पाय उचलतात, दुसरीकडे ठेवतात, तर तिथे पिंडी. तिसरीकडे ठेवतात, तर तिथेही.

ही कथा चमत्कार म्हणून ऐकली तर टाळी वाजवून आपण मोकळे होतो. आत वळून ऐकली तर ती अस्वस्थ करते, कारण कच्चा ठरलेला माणूस नवखा नव्हता. वर्षानुवर्षे भक्ती केलेला, देवळाच्या पायऱ्या रोज चढणारा, अभंग रचणारा तो होता. नव्याने घडण्याची गरज ज्याने अजून सुरुवात केली नाही त्याला जितकी, त्याहून अधिक ज्याला आपण पोचलो असे वाटते त्याला असते. गळ्यात माळ, कपाळी बुक्का आणि दरवर्षीची वारी हे सारे ज्याच्यापाशी आहे, त्याने औंढ्याच्या कथेत स्वतःला विसोबाच्या जागी ठेवण्याची घाई करू नये. आपण नामदेव आहोत. आणि आपला देव ठरावीक चौथऱ्याएवढाच आहे ही आपली समजूत, तेच आपले कच्चेपण.

त्याच औंढ्याची दुसरी कथाही सर्वांना ठाऊक आहे. नामदेवांना देवळासमोर कीर्तन करू दिले नाही, मागे हाकलले; तेव्हा देऊळच फिरले आणि नागनाथाने तोंड तिकडे केले. आजही मंदिराच्या मागचा नंदी दाखवून ही कथा सांगतात. दगडाचे देऊळ फिरले की नाही, याचा वाद ज्यांना घालायचा त्यांनी घालावा. गावोगाव ही कथा सातशे वर्षे टिकली, ती माणसांना आपल्या मनाचे तोंड हाकललेल्यांच्या दिशेला वळवण्याची आठवण लागते म्हणून, असे आपल्याला वाटते.

इथे एका धोक्याविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. पोथीतली प्रत्येक गोष्ट आतली म्हणून वाचायची ठरवली, की बाहेरच्या जगाकडे पाठ फिरवण्याची सोयही आयती मिळते. कौरव मनात आहेत म्हटले, की शेजारच्याची बांधावरची जमीन बळकावणारा कौरव दिसेनासा होतो. रावण म्हणजे अहंकार म्हटले, की घरातल्या सुनेच्या डोळ्यांतले पाणी दिसत नाही. ही पळवाट संतांची नव्हे. आपल्या जवळच्या काळातले उदाहरण घ्या. टिळकांनी ‘गीतारहस्य’ मंडालेच्या तुरुंगात लिहिले, ते १९१५ साली प्रसिद्ध झाले. गांधीजींनी कुरुक्षेत्र माणसाच्या हृदयात आहे असे मानून गीता वाचली. विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात रविवारी रविवारी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. टिळकांचा अर्थ वेगळा, गांधीजींचा वेगळा; पण गीतेत आतले युद्ध पाहणारे आणि ऐकणारे बाहेरचे युद्ध सोडून बसलेले नव्हते. ते त्याच युद्धापायी गजाआड होते. ज्याने आतला भित्रा अर्जुन ओळखला त्यालाच बाहेर उभे राहण्याचे बळ आले. दूर देशीचे यहुदी लोकही दरवर्षी वल्हांडणाच्या रात्री इजिप्तच्या गुलामीतून सुटल्याची कथा वाचतात, तेव्हा ती पूर्वजांची म्हणून वाचत नाहीत. जणू आपणच त्या गुलामीतून बाहेर पडलो असे प्रत्येकाने मानावे, अशी त्यांची रीत आहे. कथा ‘त्यांची’ होती ती ‘आपली’ होते, आणि आपली झाली की तिचे ऋणही आपल्याकडे येते.

हे ऋण सर्वांत जड आहे ते जनाबाईचे. दळण म्हणजे मन बारीक करणे, कांडण म्हणजे अहंकाराचा कोंडा काढणे, असे आपण प्रवचनांतून ऐकतो आणि ते खरेही आहे. त्यांच्या नावावरच्या साडेतीनशेच्या आसपास अभंगांत घरकाम आणि परमार्थ एकमेकांत इतके मिसळले आहेत, की वेगळे काढता येत नाहीत. पण जाते प्रतीक झाले तरी जनीच्या तळव्याचे घट्टे प्रतीक नव्हते. दामा आणि करुंड या गरीब आईबापांची ही मुलगी लहानपणी परक्या घरी कामाला राहिली, आणि नामयाची दासी म्हणूनच जगाला ठाऊक झाली. तिच्या कष्टांना गोड रूपक म्हणून बाजूला ठेवले, तर आपण तिला वाचले नाही.

पदकाची कथा आठवा. विठ्ठल जनीच्या खोपटात येतो, रात्र सरते, आणि निघताना घाईत स्वतःचा शेला आणि पदक तिथे विसरून तिची वाकळ पांघरून जातो. सकाळी देवळात देवाच्या अंगावर वाकळ, आणि पदक नाही. बडव्यांचा संशय क्षणात कुणावर गेला? मोलकरणीवर. चंद्रभागेच्या वाळवंटात तिला सुळी देण्याची तयारी झाली, आणि कथा म्हणते की सुळाचे पाणी झाले. या कथेचा आतला अर्थ लावायचा असेल तर तो देवाच्या खांद्यावरच्या वाकळेत आहे. ज्याच्याजवळ सगळे आहे त्याला जिच्याजवळ काही नाही तिचे पांघरूण उबदार वाटले. आपल्या आतला देव भरजरी वस्त्रांनी अवघडलेला असतो. त्याला फाटकी, ठिगळांची, कष्टाच्या घामाचा वास असलेली वाकळ मिळाली की तो जागा होतो. आणि कथेचा बाहेरचा अर्थही तितकाच धारदार आहे: घरात काही हरवले की आपले डोळे पहिल्यांदा कुणाकडे वळतात? पोथी ऐकून घरी गेलेल्या माणसाने दुसऱ्या दिवशी धुणेभांडी करणाऱ्या बाईशी, शेतातल्या सालगड्याशी बोलताना आवाज जरा खाली आणला, तर तो अध्याय त्याच्या अंगी लागला असे म्हणावे.

बायकांनी पोथी कशी वाचली याची साक्ष आपल्याच आज्यांनी जात्यावर ठेवली आहे. त्यांना व्यासपीठ नव्हते, पोथीला हात लावण्याची मुभाही अनेकींना नव्हती. पहाटे दळताना त्यांनी सीतेला मैत्रीण केले, तिच्या वनवासात आपला सासुरवास पाहिला, लव-कुशांच्या जन्मात आपल्या एकाकी बाळंतपणाची कळ पाहिली. गी पॉइटेवां आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह गावोगाव फिरून अशा लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांत राम पुष्कळदा आरोपीच्या पिंजऱ्यात उभा आहे आणि सीता बोलते आहे. ग्रंथाचा आतला अर्थ लावणे हे विद्वानांचेच काम, असे ज्यांना वाटते त्यांनी हे दळण ऐकावे. आता गावात पिठाची गिरणी आहे आणि जाती उंबऱ्याबाहेर पालथी पडली आहेत. त्या ओव्या ज्या म्हाताऱ्यांच्या ओठांवर आहेत त्या आपल्याच गल्लीत राहतात, आणि दरवर्षी कमी होत आहेत.

आषाढ-श्रावणात शेतात कोळपणी आणि खुरपणी चालते. पेरलेले उगवते तसे न पेरलेलेही उगवते. एकदा तण काढले म्हणून शेत कायमचे स्वच्छ राहत नाही, आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा खुरपे घेऊन बसावे लागते. पोथी दरवर्षी तीच असते, तीच ओवी, तोच कंस, तीच पूतना, आणि तरी ती पुन्हा लावायची, याचे कारण शेतकऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. गेल्या श्रावणात काढलेला हेवा यंदा पुन्हा टरारून वर आलेला असतो. भाऊबंदकीचा जो वाद मिटला असे वाटले होते तो तलाठ्याच्या सहीपाशी पुन्हा उभा राहतो. नूतनीकरण एकदाच घडणारी घटना असती तर पूर्वजांनी चातुर्मासाची रीत घातलीच नसती. एक पारायण पुरले असते.

मात्र हे खुरपे कुणाच्या हाती असते, हेही पाहू या. श्रावणातल्या भर दुपारी देवळात पोथी चालू असते तेव्हा गावच्या अर्ध्याहून अधिक बायका रानात वाकलेल्या असतात. संध्याकाळी परततात तोवर अध्याय संपलेला असतो. चुलीपाशी बसून त्या कानावर पडेल तेवढे ऐकतात. समाप्तीच्या दिवशी पोळ्या लाटायला मात्र त्याच सर्वांत आधी येतात. जनाबाईच्या जिल्ह्यात ही गोष्ट आपल्याला खटकली पाहिजे. ज्या हातांनी जनाबाईच्या कथेला अर्थ दिला, ते हात कथेच्या वेळी रिकामे असावेत एवढी तरी व्यवस्था गावाने करावी. अनेक गावांत आता मुली, सुना, शिक्षिका पारायणाला बसतात, काही ठिकाणी कीर्तनालाही उभ्या राहतात, ही मोठ्या आनंदाची गोष्ट. ती सर्वत्र व्हावी.

तेव्हा यंदाच्या श्रावणासाठी आपल्या वाचकांना आमची विनंती साधी आहे. अमावास्येला दिवे घासून ओवाळून झाले, की गावच्या चार जाणत्यांनी बसून पोथीची वेळ रानातून येणाऱ्यांच्या सोयीने, रात्रीच्या जेवणानंतरची ठरवावी. शक्य असेल तिथे ‘भक्तविजय’ लावावा, आणि जनाबाईच्या कथेचा अध्याय येईल त्या रात्री वाचण्याची ओवी एखाद्या कष्टकरी बाईच्या तोंडी द्यावी. वाचता येत नसेल तर तिच्या शाळकरी लेकीने वाचावे आणि अर्थ तिने सांगावा, तिला सुचेल तसा. अर्थ सांगणाऱ्याने अध्यायाच्या शेवटी थोडे थांबून समोरच्यांना बोलू द्यावे, की आज जे ऐकले ते तुमच्या घरात, तुमच्या मनात कुठे दिसले. पहिले दोन-तीन दिवस कुणी बोलणार नाही. नंतर एखादी म्हातारी बोलेल, आणि बहुधा तिच्याजवळ पोथीत नसलेली एक ओवी असेल. गावातल्या एखाद्या शिकल्या मुलाने त्या वेळी वही जवळ ठेवावी आणि ती ओवी, सांगणारीचे नाव आणि तारीख घालून, उतरवून घ्यावी.